हंबीररावांनी कापलेले चॅम्पियनांचे हात

सत्त्याण्णव साली गणपती तोंडावर आले असताना कन्नड मुलखातल्या आमच्या चिकपेटेत बातमी सुटली, की सकवारबाईनं नवऱ्याला ठोसा हाणून त्याचा डोळा बंद केला. बातमीला पाय फुटायला कारणही होतं. हंबीरराव उंचीनं पाच फुटांना जेमतेम शिवलेले आणि सकवारबाई, म्हणजे गल्लीच्या अक्का, त्यांच्याहून डोक्यानं उंच. दोघं लग्नकार्याला जोडीनं निघाली की शेजारणी पदराआड हसून घेत. त्यातून दुकानाच्या माळ्यावरून दोघांची धुसफूस महिनाभर साऱ्या गल्लीला ऐकू येत होती. सकाळी कॉफीच्या दुकानात ठोसा एक होता. जरीवाल्याच्या पेढीपर्यंत पोचेस्तोवर तीन झाले, आणि दिवेलागणीला तर हंबीरराव आडवे पडले असताना अक्कांनी वर उभं राहून दहा आकडे मोजल्याचं लोक शपथेवर सांगू लागले.

खरं असं, की अक्का त्या सकाळी बसवनगुडीला बहिणीकडे मोदकाचं पीठ करून आणायला गेल्या होत्या. हंबीररावांचा डोळा फोडला तो लेनॉक्स लुईसनं. म्हणजे त्या वर्षीचा बॉक्सिंगचा हेवीवेट चॅम्पियन जातीनं काही चिकपेटेत आला नव्हता. त्याच्या मापाचा मांजरपाटाचा पुतळा हंबीररावांनी शिवून माळ्याच्या आकड्याला टांगला होता, त्याचा उजवा हात सुटून खाली आला. मूठ भरीव दिसावी म्हणून तिच्यात वाळू भरलेली. भरणारेही तेच आणि खाणारेही तेच.

आता शर्ट शिवणाऱ्या माणसानं चॅम्पियनाचा पुतळा कशाला शिवावा, हे समजायचं तर जरा मागं जायला हवं.

हंबीररावांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेमागून या मुलखात आलेलं. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम. वाडवडील तलवार धरणारे, असं ते स्वतःच सांगत, पण तिसऱ्या पिढीनं कात्री धरली ती सुटली नाही. लहानपणी मात्र बापानं त्यांना तालमीत घातलं होतं. पोरगा जिद्दीचा. पहाटे सगळ्यांच्या आधी माती उकरायचा, जोर मारायचा. आणि कुस्त्यांचा दिवस आला की नुसता बसून यायचा. कारण तालमीचा रिवाज असा, की कोण कुणाशी लढणार हे वस्ताद ठरवणार. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं, मनगटं हातात घेऊन बघायची, आणि पसंत पडलं तर म्हणायचं, जोड बसली. विठोजीमामा तेव्हा जोड लावायचे. हंबीररावांच्या शेजारी कुणालाही उभं केलं तरी मामा मान हलवायचे. वयाचा असेल तो दीड हात उंच, आणि उंचीचा असेल तो अजून दूधभात खाणारा. अशी वर्षं गेली, अंगाला माती लागली, पण कुस्ती एक नाही. शेवटी लंगोट खुंटीला टांगून ते मशीनवर बसले.

पुढं कधीतरी अव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना बॉक्सिंगचं एक इंग्रजी मासिक सापडलं. इंग्रजी त्यांचं बेताचं, पण एक पान बघून ते तिथंच उकिडवे बसले. लढतीआधी दोन्ही चॅम्पियनांची मापं छापलेली होती: गळा, छाती, कंबर, दंड, मनगट, हातांचा पसारा. शिंप्याला याहून जास्त वाचायला काय लागतं? त्या दिवसापासून ज्याचं माप मिळेल त्याचा खाकी कागदाचा नमुना कापून ते माळ्यावर टांगू लागले. डेम्प्सी आला, जो लुई आला, अली आला, फोरमन, टायसन. माळा भरला. आणि मग हंबीररावांनी तो धंदा सुरू केला, जो त्यांना कुणी करू दिला नव्हता. ते जोड लावू लागले. पन्नास वर्षांपूर्वीचा आजच्याशी, ठेंगणा धिप्पाडाशी. गिऱ्हाईक पँटच्या ट्रायलला आलं की एका पायात पँट, एक उघडा, अशा अवस्थेत त्याला विचारायचे, बोला, कोण जिंकेल? गिऱ्हाईक बहुधा पँट लवकर मिळावी म्हणून हंबीररावांचंच म्हणणं मान्य करी. आणि त्यांचं म्हणणं ठरलेलं: लहानखुरा जिंकणार.

त्याला त्यांच्याकडे पुरावा होता. नमुन्यातले उंच चॅम्पियन बघितले तर हात गुडघ्याला टेकलेले. चिकपेटेच्या बोळात खांद्यावर लांब बांबू घेतलेला माणूस शिरला तर त्याला वळता येतं का? नाही. लहान पोर खालून सटकन निघून जातं. तसाच लहान चॅम्पियन त्या लांब हातांच्या आत शिरणार, आणि आत शिरल्यावर त्या बांबूंचा उपयोग काय?

हे सगळं चाललं असतं बिनबोभाट, पण सकवारबाईंना माळा पाहिजे होता. साड्यांच्या दुकानांतून फॉल-पिकोचं काम त्यांच्याकडे इतकं येत होतं की स्वयंपाकघरात मशीन मावेना. त्यांनी सरळ सांगितलं, हे कागदी पैलवान उतरवा, मी मशीन चढवते. हंबीररावांनी नाही म्हणून बघितलं, मग आजारी पडून बघितलं, मग मुकाट बसून बघितलं. शेवटी दोघांत करार झाला. मंडळाच्या गणपतीत दर साली आरतीनंतर वाद होतो. जाजमाच्या दोन बाजूंना दोन वादी उभे राहतात, ज्याला ज्याचं पटेल तो उठून त्याच्या बाजूला जाऊन बसतो, आणि अध्यक्ष डोकी बघून निकाल देतात. यंदाच्या वादात हंबीरराव जिंकले तर माळा चॅम्पियनांचा. हरले तर पिकोचा.

समोर उभा राहायला तयार झाला तो वरच्या खोलीतला भाडेकरू वासुदेव, पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीवर आलेला. पोरगा गुणी, फक्त बोलताना मराठीत मराठी कमी. विषय ठरला, रॉकी मार्सियानो विरुद्ध लेनॉक्स लुईस. मार्सियानो पन्नासच्या दशकातला, वजनानं हलका, हातानं आखूड, पण आयुष्यात एकही लढत न हरलेला. लुईस आजचा, साडेसहा फुटांना टेकलेला. कागदी नमुने मांडवात दिसायचे नाहीत म्हणून हंबीररावांनी दोघांचे पुतळे शिवून त्यांत कात्रणं भरली. डोळ्याचा प्रकार त्यातूनच घडला.

धप्प आवाज ऐकून वासुदेव धावत खाली आला. डोळ्याला ओला रुमाल लावून हंबीररावांना खुर्चीवर बसवलं, आणि निसटलेला हात उचलून पुतळ्याच्या खांद्याला लावून बघितला. मग तो जरा घुटमळला.

"काका, सॉरी हं, पण हा प्रॅक्टिकली आजानुबाहू झालाय. फोटोत असा नाही दिसत."

"मापाबरहुकूम आहे. चौऱ्याऐंशी इंच पसारा. अर्धा केला, बेचाळीस."

वासुदेवनं आपले दोन्ही हात आडवे पसरले आणि म्हणाला, माझा पसारा घ्या बघू. हंबीररावांनी एका डोळ्यानं बघत टेप धरला. या बोटापासून त्या बोटापर्यंत अडुसष्ट. अर्धे चौतीस. मग रोजच्या सवयीनं खांद्याच्या हाडावर टेप ठेवून बोटापर्यंत नेला, तर चौतीस काही येईनात. पाच-साडेपाच इंच कमी. पुन्हा मोजलं. तितकेच.

चूक अशी होती, जी शिंप्यानंच करावी. बाही म्हटली की त्यांचा टेप आपोआप खांद्यावरून सुटायचा. पण पसाऱ्यात छाती-पाठही येते. अर्धा पसारा पाठीच्या मध्यावरून, कण्यापासून धरायला हवा होता. त्यांनी तो खांद्यापासून धरला, आणि इतकी वर्षं जगातल्या झाडून सगळ्या चॅम्पियनांना पाच-सहा इंच लांब हात कापले. गुडघ्याला टेकणारे हात कुणाचेच नव्हते. बांबू नव्हताच, तर बोळात अडकणार काय?

हंबीरराव बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत बसले. वासुदेवला वाईट वाटलं. त्यानं आपणहून सांगितलं, की मांडवात मी हे काढणार नाही, माझ्याकडे दुसरे पॉइंट आहेत. हंबीररावांनी त्याला कॉफी पाजली.

अक्का पिठाचा डबा घेऊन घरी आल्या, तेव्हा नवऱ्याचा एक डोळा सुजलेला, आणि ते मांडीवर पुतळा घेऊन खांदे उसवत बसलेले. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं. डोळ्याला लोणी लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माळा माझा."

"अजून नाही," हंबीरराव म्हणाले आणि दुसरा खांदा उसवायला घेतला.

त्यांना गप्प बसता आलं असतं. मांडवात टेप घेऊन कोण येणार होतं? पण तालमीत ज्या मनगटांवरून मामांनी त्यांना उठवलं, ती मनगटं निदान खरी होती. खोट्या हातांनी जिंकलेली जोड त्यांना गिळवेना. हात आखूड केले, पुन्हा जोडले, आणि बांबूच्या जागी दुसरं काय म्हणायचं याचा विचार काजं-बटणं करतानासुद्धा चालू ठेवला. त्या आठवड्यात दोघा गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं डावीकडे लागली, असं म्हणतात. तेवढं मात्र खरं आहे.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी आरती झाली. अध्यक्ष विठोजीमामाच, आता काठी टेकत चालणारे. दोन पुतळे समोरासमोर उभे केले. जवळजवळ सगळं जाजम सुरुवातीलाच हंबीररावांच्या बाजूला होतं, कारण सगळ्यांनी ट्रायलच्या वेळी ते बांबूचं गणित ऐकलेलं. अक्काही रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्याच बाजूला बसलेल्या.

हंबीररावांनी पहिलंच वाक्य उच्चारलं ते असं, की आजवर तुम्हाला हातांचं जे सांगितलं ते चूक होतं. टेप कुठून सुटायला हवा होता आणि कुठून सुटला, ते त्यांनी वासुदेवला उभं करून सगळ्यांसमोर मोजून दाखवलं. मांडवात कुजबुज झाली. पहिल्या फटक्यालाच बरीच मंडळी उठून पलीकडे गेली. वासुदेवनं मग वजन सांगितलं, उंची सांगितली, आजचा खुराक, आजचा व्यायाम सांगितला. आणखी लोक उठले.

हंबीरराव हटले नाहीत. म्हणाले, हात खरे केले तरी मार्सियानो आत जाणार. जाताना तीन खाईल, चार खाईल, पण जाणार. ज्याला आयुष्यभर लांबून मारलं गेलंय, त्याला आत कसं जायचं ते पाठ असतं. उंचाला ते शिकायची कधी गरजच पडत नाही. मग ते मामांकडे वळले.

"मामा, तुम्ही मला एकदा तरी लावायला पाहिजे होतं."

"मोडला असतास रे," मामा म्हणाले.

"मोडलो असतो की. पण कळलं तरी असतं."

मामा काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून खाली बघत राहिले. पलीकडे गेलेल्यांपैकी चार-सहा जण परत आले; एकजण तर वाटेतच, जाजमाच्या मधोमध, अडकून बसला. डोकी जवळजवळ सारखी दिसू लागली. मामांनी नजर एकदा फिरवली, पुन्हा फिरवली.

तेवढ्यात सकवारबाई उठल्या. पिशवी घेतली, चपलांचा जोड उचलला, पदर सारखा केला, आणि साऱ्या मांडवाच्या देखत सावकाश चालत जाऊन वासुदेवच्या बाजूला बसल्या. त्यांच्यामागून त्यांच्या फॉल-पिकोच्या बायका उठल्या. जाजम एका अंगाला कलंडावं तसं झालं. मामांनी काठी लुईसच्या बाजूला टेकवली. निकाल झाला.

लोक हसले. अक्काही हसल्या, पण मान ताठ ठेवून. वासुदेव ओशाळून काका-काका करत आला. जरीवाल्याला राहवलं नाही, त्यानं मोठ्यानं विचारलं, की काय हो अण्णा, मार्सियानोचं राहू द्या, बायकोनंच तुम्हाला पाडलं की.

हंबीररावांनी मार्सियानोचा पुतळा काखेत मारला, पलीकडे बसलेल्या अक्कांकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "तिला माळा पाहिजे होता, तिनं घेतला, सरी, ठीक आहे. मी उद्यापासून सगळ्यांचे हात नव्यानं कापतो, आणि पुढच्या गणपतीला तिला उठवून इकडं आणून बसवतो."