वाफवालीचं रीळ

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तिला सगळे वाफवाली म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथंच राहिलं होतं. बावीस वर्षं ती वाफेच्या प्रेसपाशी उभी होती. चादर पसरायची, झाकण दाबायचं, फुस्स झालं की ओढून काढायची, पुढची घ्यायची. संध्याकाळी घराचा जिना चढताना ती कठड्याला धरून आधी उजवा पाय वर घ्यायची, मग डावा, आणि प्रत्येक पायाशी मनात बोलायची, चल बाबा, एवढीच पायरी.

वर नवरा कॉटवर असायचा. आजारी नव्हता. बर्फाच्या कारखान्यात तो कॉम्प्रेसर सांभाळायचा, आणि कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. पहिला महिना तो काम शोधत फिरला. दुसऱ्यात नुसती चौकशी करून आला. तिसऱ्यात एकदा दाढी करायला उठला, आरशात बराच वेळ बघितलं आणि तसाच परत आडवा झाला. तेव्हापासून दारापाशी त्याच्या चपला पडून होत्या. रोज केर काढताना ती त्या उचलायची, खालची धूळ काढायची आणि होत्या तशा ठेवायची.

"भांडतो का?" धुलाईखान्यातल्या घडीवालीने विचारलं. ही तिची जुनी मैत्रीण. हात चादरीच्या टोकावर, तोंड दुसऱ्याच्या संसारात.

"नाही गं."

"पितो?"

"चहा. तोही हातात दिला तर."

"मग तुझं काय दुखतंय? आमचा एक तर बोलतच सुटतो."

"अगं, परवा मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. म्हटलं, निदान ओरडेल."

"मग?"

"खाल्ली. ताटसुद्धा धुऊन ठेवलं."

घडीवालीचे हात थांबले. सहसा थांबत नसत. "हे वाईट," ती म्हणाली. "बाहेर काढ त्याला. आमच्या शेजारचा दर रविवारी धक्क्यावर गळ टाकून बसतो. मासा एक मिळत नाही, पण घरात तरी नसतो."

म्हणून एका शनिवारी, जादा पाळीचे पैसे घेऊन, वाफवाली धक्क्याजवळच्या दुकानात शिरली. दुकानाचा म्हातारा मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच मंत्र द्यायचा, समुद्रावरून आलात की सगळं गोड्या पाण्याने धुवा. त्यामुळे लोक त्याला गोडेपाणी म्हणत, आणि तो त्या नावाला ओ देत असे.

"मासेमारीचं सामान हवंय," ती म्हणाली. "नवशिक्याला. आणि परवडणारं."

"नवशिक्या कोण, तुम्ही?"

"नवरा. पण त्याला अजून माहीत नाही."

म्हाताऱ्याने चष्मा वर केला. तिने काचेमागची चकचकीत काळी काठी दाखवली. "ही?"

"ती राहू द्या, बाई. कार्बनची आहे. हलकी खरी, पण दगडावर एकदा आपटली की कुठे तडा गेला ते कळत नाही, आणि नेमका मासा लागला की काडकन मोडते. नवा माणूस आपटतोच." त्याने कोपऱ्यातून पिवळट, जाडसर काठी काढली. "ही काचतंतूची. दिसायला गबाळी, पण मार खाऊन उभी राहते."

"आमच्यासारखी," ती म्हणाली. म्हातारा हसला, ती हसली नाही.

मग त्याने गळाला बांधायचा तंगूस दिला, साधा, एकपदरी. विणलेला महाग असतो आणि नवशिक्याच्या हातात त्याचा गुंता होतो. गळ दिले मोजके, दोनच मापांचे. शिशाची वजनं चार. "दगडांत अडकून जातात, जाऊ द्यायची, जीव लावायचा नाही." पैसा घालायचा तो तंगूस गुंडाळायच्या रिळात, असं म्हणून त्याने एक मधल्या किमतीचं रीळ पुढ्यात ठेवलं. "मिठाचा मार यालाच बसतो. घरी गेलात की ही वरची कळ घट्ट करायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही. नळाखाली हलकी धार. पुसायचं. मग कळ सैल करून ठेवायचं. अधूनमधून तेलाचा एक थेंब. बस. धुणं येतं ना तुम्हाला?"

बावीस वर्षं धुलाईखान्यात काढलेल्या बाईला कुणीतरी विचारत होतं, धुणं येतं ना.

रविवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, बादली जड आहे. माझे पाय दुखतायत. जरा येता का धक्क्यापर्यंत?"

तो उठला, चपला घातल्या, बादली घेतली. सांगितलं की करायचा, तेवढं उरलं होतं. धक्क्यावर तो समुद्राकडे पाठ करून, गावाकडे तोंड करून बसला. गळ टाकला तिनेच. पहिल्यांदा शिसं तिच्या पायांशी पडलं, दुसऱ्यांदा दगडात अडकून गेलं. तिसऱ्यांदा बरं पडलं, आणि मग दोन तास काहीच झालं नाही. आठवड्यातला सुटीचा एक दिवस, आणि तोही उभ्यानेच चालला होता.

"काही धरता का जरा?" तिने विचारलं.

"तुझं चाललंय ना," तो म्हणाला.

घरी येऊन तिने रीळ हातात घेतलं. त्यावर मिठाची पांढरी साय धरली होती. म्हाताऱ्याची हलकी धार तिला आठवली, पण हलक्या धारेने काय निघतं, हे तिच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं? तिने बादलीत कढत पाणी घेतलं, मूठभर पावडर टाकली, रीळ रात्रभर भिजत घातलं. सकाळी जुन्या टूथब्रशने खाचाखाचांतून घासलं. पाण्यावर काळपट तवंग आला. किती घाण होती, असं म्हणत तिने तो समाधानाने ओतून दिला. रीळ असं लखलखत होतं की घडीवालीला नेऊन दाखवावंसं वाटलं.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. बादली, चपला, गावाकडे तोंड. तिने गळ टाकला आणि रिळाची मूठ फिरवू लागली. आतून घर्र घर्र आवाज येत होता. तिला वाटलं, असेल असंच. जात्यावर दळण दळल्यासारखी ती फिरवत राहिली.

"थांब."

तिने आजूबाजूला पाहिलं. कोण बोललं हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला.

"फिरवू नको," नवरा म्हणाला. तोंड अजून गावाकडेच होतं. "बेअरिंग कोरडं पडलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कान आहेत मला." तो वळला, हात पुढे केला. "आण इकडे."

त्याने मूठ अगदी हळू, अर्धा फेरा फिरवली, कानाला लावून ऐकलं, आणि डोळे मिटले. कारखान्यात असाच ऐकायचा, तिला आठवलं. डबा द्यायला गेली की लोखंडी नळाला कान लावून उभा दिसायचा.

"घरी चल," तो म्हणाला, आणि बादली तिथंच विसरून पुढे निघाला. बादली तिने आणली.

घरी त्याने टेबलावर जुना अभ्रा पसरला, कॉटखालून हत्यारांची पेटी ओढली आणि रीळ उघडलं. एक बारकी स्प्रिंग टणकन उडून कपाटाखाली गेली. ती वाकून केरसुणीने शोधू लागली. वरून आवाज आला.

"कशाने धुतलंस हे?"

"पावडरने."

"गरम पाण्यात?"

"मग काय, गार पाण्यात डाग निघतो?"

"डाग नव्हता तो. ग्रीस होतं. सगळं काढून टाकलंस."

"चकचकीत झालंय बघा की."

"वरून." त्याचा आवाज चढला होता. "आत दातावर दात घासतोय. आणखी दोन रविवार फिरवलं असतंस तर भंगारात गेलं असतं. कुणाला विचारायचं तरी."

"बावीस वर्षं धुतेय मी."

"चादरी! चादरीला बेअरिंग असतात का?"

कपाटाशी ओणवी असलेली ती तशीच खाली फरशीवर बसली. स्प्रिंग हाताला लागली होती, मुठीत होती. आठ महिन्यांत तो पहिल्यांदा ओरडला होता. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना, आणि दोन्हीला लागणारी ताकद अंगात नव्हती.

"ही घ्या तुमची स्प्रिंग," ती म्हणाली.

त्याने ती चिमटीत धरून उजेडात पाहिली, पुसली, अभ्र्यावर ओळीने मांडलेल्या तुकड्यांत तिच्या जागी ठेवली. "ग्रीस लागेल. आपल्याकडचं वाळून खडा झालंय. दुकान उघडं असेल ना त्या म्हाताऱ्याचं? जाऊन घेऊन ये."

तिचा हात सवयीने पिशवीकडे गेला. मग तिने तो मागे घेतला.

"माझे पाय दुखतायत," ती म्हणाली. या वेळी ते नुसतं निमित्त नव्हतं. "तुम्हीच जा."

खोलीत नळाचं टिपटिप ऐकू येत होतं. टेबलावर रीळ उघडं पडलं होतं, पोट फाडल्यासारखं. तिने नवऱ्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, कॉटवर जाऊन पडली आणि भिंतीकडे तोंड केलं. इतके महिने तो ज्या भिंतीकडे बघत होता, ती तिने पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. तिथे खिळ्याचं एक भोक होतं, दुसरं काही नव्हतं. आता दार वाजतंय का ते ऐकत जागं राहायचं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि म्हणता म्हणता झोपली.

उठली तेव्हा ऊन उतरलं होतं. टेबलावर अभ्रा होता, तुकडे होते. खुर्ची रिकामी. तिने मान उचलून दारापाशी पाहिलं. चपला नव्हत्या. त्यांच्या जागी धुळीचे दोन पुसट आकार होते. सकाळी घाईत केर राहिला होता.

ती परत आडवी झाली. आणखी बऱ्याच वेळाने जिन्यावर पावलं वाजली.

"एवढा वेळ?" तिने पडल्यापडल्या विचारलं.

"तो म्हातारा काही कामाचा नाही," तो चपला काढत म्हणाला. "सगळ्यांच्या रिळांना एकच ग्रीस थापतो, आत आणि बाहेर. जाड ग्रीस बारक्या बेअरिंगमध्ये चालतं का? खोकाभर रिळं जाम करून ठेवलीत लोकांची. मी म्हटलं, असं नसतं. ऐकेचना."

"मग?"

"मग काय. उद्या परत जाऊन समजावतो."

"समजावा," ती म्हणाली. तिने पाय उशीवर घेतले. "जाताना केर काढून जा तेवढा."