तांबड्यांचा मर्टी

अशी कल्पना करा, की सकाळच्या बातम्या संपल्यावर रेडिओवर आमच्या भागातल्या गेलेल्या माणसांची नावं सांगतायत आणि त्यात तुम्ही 'मर्टी सलिव्हन' हे नाव ऐकलं. आता तुमचं काम एवढंच, की शिजवलेल्या हॅमचा एक मोठा तुकडा कापडात गुंडाळायचा, कोट चढवायचा आणि गेलेल्याच्या घरी जाऊन त्याच्या माणसांचा हात हातात घ्यायचा. सोपं वाटतं ना? पण तुम्ही किलनाकारात आहात. आयर्लंडातल्या बेरा द्वीपकल्पाच्या या टोकाला दर दुसऱ्या दारामागे सलिव्हन राहतो. प्रार्थना सांगणारे फादर सलिव्हन, ती बुडवून दारूच्या गुत्त्यात बसणारा सलिव्हन, आणि गुत्त्याचा मालकही सलिव्हनच. बांधावरून मारामारी झाली तर दोन्हीकडचे सलिव्हन, आणि मधे पडून मार खाणारा पोलीसही सलिव्हन. बरं, पहिल्या नावाने ओळखावं, तर थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव ठेवायचं आणि त्याच्या पाठच्याला आईच्या बापाचं, ही आमची रीत. त्यामुळे मर्टी, बॅट आणि कॉन ही नावं पिकाच्या फेरपालटासारखी फिरून फिरून त्याच शेतात उगवतात. मग हॅम घेऊन जाल कुठे?

यावर आमच्या लोकांनी फार पूर्वीच उपाय काढला. आडनावाला घराण्याचं नाव जोडायचं. लोहार सलिव्हन, शिंपी सलिव्हन, पुलावरचे सलिव्हन. लोहारांच्यात आता कुणाला घोड्याचा नाल ओळखता येत नाही आणि पुलावरच्यांचा पूल पुरात वाहून गेल्याला जमाना झाला, पण नाव पक्कं.

अबिना ही तांबड्यांची. तिच्या पणजोबांचे केस तांब्यासारखे होते म्हणे. तिचे स्वतःचे काळेभोर होते, आता पांढरे झालेत. किलनाकाराच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपून नुसती पायवाट उरते, तिथल्या घरात ती एकटी राहते. उमेदीची सगळी वर्षं तिने बंदरावरच्या कारखान्यात मासे साफ करण्यात घालवली. हाताचा वास जायचा नाही म्हणून नाचाच्या हॉलमध्ये ती हात मागे बांधून उभी राहायची. पुढे आईचं दुखणं काढलं. आई गेली, कारखाना सुटला, आणि आता चार मेंढ्या आहेत.

आणि एक भाऊ आहे. म्हणजे, असावा. मर्टी.

मर्टी विशीत इंग्लंडला बांधकामावर गेला. त्यात नवल काही नव्हतं, सगळेच जात. जाताना दारात उभं राहून म्हणाला, "मेंढरं कातरायच्या वेळेला येतो." पहिली काही वर्षं नाताळला शुभेच्छापत्र आलं, मग तेही बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं अबिनाला वाटायचं. निदान तो का येत नाही हे तरी कळलं असतं. एकदा ती स्वतः लंडनला जाऊन आली. आयरिश लोकांच्या क्लबात, चर्चमध्ये विचारत फिरली. "मर्टी सलिव्हन?" म्हटलं की माणसं हसायची. "बाई, कितवा हवाय?" आख्ख्या आयर्लंडात या आडनावाहून जास्त आढळतात ती फक्त मर्फी आणि केली ही आडनावं. त्यातून इंग्लंडला गेलेले वेगळे, अमेरिकेला गेलेले वेगळे. इथली तांब्याची खाण बंद पडली तेव्हा गावंच्या गावं उठून माँटानातल्या खाणींवर गेली. त्यांची नातवंडं उन्हाळ्यात येतात, अबिनाच्या फाटकाशी फोटो काढतात आणि म्हणतात, "आमच्याकडे तर सलिव्हनच सलिव्हन!" अबिना त्यांना चहा पाजते आणि मनात म्हणते, मला एकच हवाय रे.

तर त्या मार्चमधल्या मंगळवारी ती चुलीत पीटची, म्हणजे इथल्या जळाऊ मातीची, ढेकळं सारत होती. रेडिओवर बाईचा आवाज आला. "मर्टी सलिव्हन, लंडन, मूळचे किलनाकारा. दफनविधीची माहिती नंतर देण्यात येईल. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो."

एवढंच. घराण्याचं नाव नाही.

अबिना तिथेच स्टुलावर बसली. तिला रडू आलं नाही. तिने पहिल्यांदा काय केलं, तर हात धुतले.

तासाभरात दारात हॅना उभी. हॅना शेजारीण, हातात सफरचंदाचा टार्ट. तिने तो टेबलावर ठेवला, अबिनाचा हात धरला आणि आमच्याकडे म्हणतात तेच म्हणाली, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत गं."

"अगं पण तो आपलाच मर्टी कशावरून?"

"लंडनचा मर्टी, किलनाकाराचा. दुसरा कोण असणार, सांग बरं?"

मग एकेक जण येत गेलं. सोडा ब्रेड आला, अंड्यांचे सँडविच आले, दोन हॅम आले, व्हिस्कीच्या बाटल्या आल्या. उतारवयाचा, बिनलग्नाचा बॅट शिंपी आला आणि कुणी सांगायच्या आत त्याने मयताच्या घरी थांबवतात तसं भिंतीवरचं घड्याळ थांबवलं.

"अरे, प्रेत लंडनला आहे आणि घड्याळ इथलं कशाला थांबवतोस?" हॅना म्हणाली.

"मग काय लंडनचं थांबवायला जाऊ? चहा ओत."

गावातल्या अंत्यविधीवाल्याला अबिनाने फोन केला. तो म्हणाला, "मलाही तिकडून एवढाच निरोप आलाय. शव घेऊन मुलगी येतेय म्हणे. विचारून सांगतो."

मुलगी! खोलीत एकदम कुजबुज झाली. मर्टीला मुलगी आहे. अबिना फोन ठेवून मागे वळली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. आपल्याला भाची आहे. तिचं नाक कुणासारखं असेल? आईसारखं असेल का?

बॅट एव्हाना रंगात आला होता. मयताच्या घरी आमच्याकडे गेलेल्याबद्दल बोलून झालं की गेलेल्या राज्यांबद्दल बोलतात. "आपण सलिव्हन काय इथले होतो? हिरव्यागार टिपररीचे मालक आपण! आठशे वर्षांपूर्वी नॉर्मन आले आणि आपल्याला हाकलत हाकलत या खडकावर आणून सोडलं. पुढे समुद्र होता म्हणून थांबलो."

"आणि मूळपुरुष एकडोळ्या होता," खिडकीजवळून कुणीतरी म्हणालं.

"काळ्या डोळ्यांचा! काळ्या डोळ्यांचा असा अर्थ आहे सलिव्हन या नावाचा!"

"माझी आजी एकडोळ्याच म्हणायची."

"तुझी आजी माहेरची हॅरिंग्टन, सलिव्हन नव्हेच. ती दुसरं काय म्हणणार!"

लोक हसले. अबिनाही हसली. किती दिवसांनी या घरात एवढी माणसं होती. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की तो आपलाच असू दे, असं आपण मनात म्हणतोय. मेलेला असू दे, पण आपला असू दे. आईशेजारी जागा आहे. शवपेटी दारातून आत येईल, मग कुठे आहे, काय खात असेल, पावसात भिजत असेल का, हे सगळं संपेल. या विचाराची तिला भीती वाटली. ती परसात गेली, मेंढ्यांकडे बघत उभी राहिली, पण विचार काही गेला नाही.

दुपारी फोन वाजला. तिने ऐकून घेतलं. "हो," म्हणाली, "बरं," म्हणाली, आणि रिसीव्हर जागेवर ठेवला.

"लोहारांचा मर्टी," ती म्हणाली. "पेगचा भाऊ."

मग बॅटने कपाळावर हात मारून घेतला. "लोहार! अरे, ते घर बंद झाल्यापासून आपण त्यांना पार विसरलोच! लोहारांच्यात मर्टी नसेल असं होईल का?" पेग लोहार बरीच वर्षं कॉर्कला लेकीकडे अंथरुणावर होती, आणि टेकडीपलीकडच्या त्यांच्या घराला कुलूप होतं.

मग सगळे अबिनाच्या गळ्यात पडायला लागले. "देवाची कृपा गं बाई!" "तुझा मर्टी सुखरूप!" हॅनाच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं. बॅटने घड्याळाला किल्ली दिली. "अबिना, मी दिलेलं सांत्वन परत दे बघू, टेकडीपलीकडे लागेल." अबिना सगळ्यांचे हात हातात घेत होती, मान हलवत होती. त्या खोलीत जिचं माणूस गेलं होतं अशी ती एकटीच होती, आणि ते सांगायची सोय नव्हती.

शेवटी तिनेच पदार्थांवर कापड टाकलं. "चला. घर बंद आहे ना त्यांचं? पोरगी येईल तेव्हा चूल तरी पेटलेली हवी."

हॅम, टार्ट, बाटल्या, सगळी वरात टेकडी ओलांडून लोहारांच्या घरी गेली. किल्ली चौकटीवरच होती, जिथे सगळ्यांच्याच किल्ल्या असतात. आत ओल आणि उंदरांचा वास. अबिनाने खिडक्या उघडल्या, धुराड्यातलं कावळ्याचं घरटं बॅटकडून काढून घेतलं, फरशी घासली. चादरी तिने घरून आणल्या. मर्टी येईल तेव्हा म्हणून जपून ठेवलेल्या होत्या, इस्त्रीच्या. हॅनाने त्या ओळखल्या आणि दुसरं टोक धरून पसरायला लागली.

गुरुवारी पेटी आली. बरोबर मुलगी, बर्नडेट, चाळिशीची, बोलणं पक्कं लंडनचं. एवढी अनोळखी माणसं आपला हात का धरतायत ते तिला कळत नव्हतं. रात्रीच्या जपमाळेच्या प्रार्थनेआधी पेटीशी जागायची पाळी अबिनाची होती. मुलगी तिच्याशेजारी येऊन टेकली.

"तुम्ही आमच्या नात्यातल्या का?"

"नाही गं. मी तांबड्यांची. तुम्ही लोहार."

"म्हणजे ते खरं होतं तर?" बर्नडेट म्हणाली. "बाबा दोन पेले झाले की छातीवर हात मारून म्हणायचे, मी लोहार आहे! आई म्हणायची, अहो, तुम्ही विटा वाहता, गप्प झोपा."

अबिना हसली. मग तिने विचारलंच. "बाबांबरोबर कामावर आणखी सलिव्हन होते का?"

"ढिगाने! सगळ्यांना सली म्हणायचे. मोठा सली, टकल्या सली, वेल्सचा सली..."

"एखादा डावखुरा? उंच? बोलताना खाली बघणारा?"

बर्नडेटने आठवून पाहिलं. "नाताळला एक जण यायचा आमच्याकडे. मी लहान होते. टोपी मांडीवर घेऊन बसायचा, दाराजवळ. आईने आत बोलावलं तरी दाराजवळच. कोणत्या हाताने जेवायचा ते नाही बाई आठवत. जाताना मला संत्रं द्यायचा."

"त्याचं नाव?"

"सली."

"ते नाही गं. पहिलं."

"त्याला पहिलं नाव असेल असं कधी मनातच आलं नाही," बर्नडेट म्हणाली आणि ओशाळली. "पुढे तो यायचा बंद झाला. बाबांना विचारलं तर म्हणाले, गेला दुसऱ्या साइटवर. बाबांना माहीत असेल सगळं."

दोघींनी उघड्या पेटीकडे पाहिलं. मर्टी लोहार कोट-टायमध्ये शांत पडलेला होता, हातात जपमाळ गुंडाळलेली.

दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या माणसांच्यात पुरलं. लोहारांच्या कबरींची रांग भिंतीला लागून आहे, तांबड्यांची चिंचोळ्या फाटकाजवळ. पाऊस नव्हता, वारा होता. अबिनाने मूठभर माती टाकली. निघताना बर्नडेटने तिला मिठी मारली आणि चादरी धुऊन पाठवते म्हणाली. "राहू देत, तुझ्याकडेच असू देत," अबिना म्हणाली.

गाडी वळणापर्यंत गेली आणि थांबली. बर्नडेट काच खाली करून ओरडली, "काही आठवलं तर कळवीन हं! काय आठवायचं तेवढं सांगा!"

अबिना गाडीपाशी चालत गेली. इतकी वर्षं तिने लोकांना त्याची उंची सांगितली होती, डोळ्यांचा रंग सांगितला होता, डावा हात सांगितला होता. आज तिला ते काही सांगावंसं वाटेना. तिने खिडकीच्या काठावर हात ठेवला.

"तो दाराजवळ बसणारा," ती म्हणाली, "जाताना 'येतो' म्हणायचा का गं?"