माळावरची पालथी चूल

मला उत्तम इंग्रजी येतं असा माझा समज होता, आणि मुळशी खोऱ्यातल्या त्या गावात तो खोडून काढणारं कुणी नव्हतं. मॅट्रिकला गणिताने मला आपटलं होतं, पण इंग्रजीत मी वर्गात पहिला आलो होतो आणि ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असे. धरणाचं काम सुरू झालं होतं. खोऱ्यात मोजणीवाले हिंडत होते, चावडीवर इंग्रजी कागद लागत होते आणि ते काय म्हणतात हे गावात कुणालाच कळत नव्हतं. म्हणून गावातल्या जाणत्या माणसांनी पोरांना इंग्रजी शिकवायला पुण्याहून मास्तर आणायचं ठरवलं. भर आषाढात, पिरंगुटचा घाट ओलांडून, बैलगाडीत भिजत भिजत मी त्या गावी पोचलो.

माझ्या वर्गात सात पोरं होती. क्रियापदं त्यांनी मुकाट्याने गिळली, पण 'समबडी', 'एनीबडी', 'नोबडी' या शब्दांपाशी गाडी अडली. मी नियम सोपा करून सांगितला होता. विचारायचं असेल तर एनीबडी, असेल तर समबडी, नसेल तर नोबडी. तो घोकूनही घेतला होता. पोरांची अडचण वेगळीच होती. 'कुणीतरी' ही भानगडच त्यांना पटेना. 'कुणीतरी माझी पाटी फोडली' याचं इंग्रजी मी फळ्यावर लिहिलं, तर मागच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "मास्तर, कुनीतरी न्हाई, ह्यानंच फोडली. समद्यांनी बगितलंय." ज्याच्याकडे बोट होतं तो रडायला लागला. चाळीस उंबऱ्यांच्या गावात कुणीतरी असं कुणी नसतंच. पाटी फुटली तर ती कुणाकडून फुटली हे माहीत असतं, आणि खोकल्यावरूनसुद्धा दारात कोण आलंय ते कळतं. मी मात्र चिडलो. पोरं मठ्ठ आहेत, असं मी त्या दिवशी घरी पत्रात लिहिलं.

आश्विनात पाऊस उघडला आणि मोजणीचा गोरा साहेब गावात आला. त्याचा दुभाष्या तापाने पडला होता, म्हणून मला बोलावणं आलं. मी धुतलेला कोट घातला. काटकोन लावायच्या काठ्या आणि निशाणं घेऊन गावचा रामोशी पुढे, मधे साहेब, मागे मी, असे आम्ही गावावरच्या माळावर चढलो. माळ हिरवागार होता. गुडघाभर गवत, मधे थोडी सपाट जागा, आणि त्या जागेत तीन दगड पडलेले. कुठे राख नाही, मडक्याची खापरी नाही, चिंधी नाही.

साहेबाने वही उघडून विचारलं, "डझ एनीबडी लिव्ह हिअर?"

हा तर माझ्या फळ्यावरचाच प्रश्न होता. रामोशी काहीतरी सांगायला लागला, "मास्तर, हितं..." पण साहेब बोलत असताना मधे बोलू नये म्हणून मी हातानेच त्याला गप्प केलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, "नो, सर. नोबडी लिव्हज हिअर." साहेबाने मान डोलावली आणि वहीत तेच लिहून घेतलं. उतरताना माझे पाय जमिनीवर नव्हते. एका गोऱ्या माणसाने माझं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं होतं, एक अक्षर न बदलता.

दिवाळीनंतर चावडीवर यादी लागली. धरणाच्या हद्दीत कुणाचं काय जातंय ते तिच्यात होतं. ज्यांची नोंद त्या यादीत, त्यांनाच खोऱ्याबाहेर दुसरी जागा मिळायची होती. दुसऱ्या दिवशी शाळेच्या पायरीवर एक धनगरीण येऊन उभी राहिली. पन्नाशीची असेल. हातात काठी, लुगड्याला लोकरीचे पुंजके चिकटलेले.

"मास्तर, चावडीवर चला वाईच. आमच्या माळाचं काय लिवलंय तेवढं वाचा."

मी गेलो. वरच्या माळापुढे माझंच वाक्य होतं.

"कुणी राहत नाही, असं लिहिलंय," मी म्हणालो.

"मंग आमी कोन हाय?"

तेव्हा कळलं. तीन घरांचे हे धनगर दर ज्येष्ठात मेंढरं घेऊन पूर्वेला उतरायचे, कारण मुळशीचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, आणि दिवाळी झाली की परत माळावर यायचे. मी आषाढात आलेला. मी त्यांना पाहिलंच नव्हतं.

"कुनी लिवलं ह्ये?" तिने विचारलं.

"लिहिलंय कुणीतरी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि काठी टेकत निघून गेली. सात पोरांना चार महिने जे शिकवता आलं नव्हतं, ते मला वेळेवर बरोबर वापरता आलं होतं. आपली चूक झाकायला इतका सोयीचा शब्द मला तोवर कधी सापडला नव्हता.

आठवडाभर माझं शिकवण्यात लक्ष लागेना. पाटी फोडणारा पोरगा समोर बसायचा. सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं गेलं तेव्हा तो रडला, पण दुसऱ्या दिवशी घरून नवी पाटी आणून त्याने मुकाट्याने ज्याची होती त्याला दिली होती. मी बावीस वर्षांचा, कोट घालणारा, आणि माझ्यात तेवढंही धैर्य नव्हतं. शेवटी एका सकाळी वर्गाला सुट्टी देऊन मी माळावर चढलो.

आता तिथे वस्ती होती. वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं, कापडी पालं, कुत्री, पोरं. सपाट जागेतल्या त्याच तीन दगडांवर भाकरी भाजत ती बसली होती.

"मावशी, ते वाक्य मी सांगितलं साहेबाला," मी म्हणालो. "कुणीतरी नाही. मीच."

"ठावं हाय. रामोशानं आदीच सांगितलं." तिने भाकरी उलटली. "तुमी कवा सांगताय, त्येच बगत व्हते."

मी उगाच बाजू सावरत म्हणालो, "पण मावशी, इथे काहीच नव्हतं हो. राखसुद्धा नव्हती."

"नसतीयाच. आमची रीत हाय ती." जाताना जागा झाडून काढायची. राख लांब नेऊन टाकायची, शेणाचा हात फिरवायचा आणि चुलीचे दगड काजळीची बाजू खाली करून पालथे घालायचे. "जागा देवाची. आपुन वापरली, तशीच माघारी द्यायची. मागनं येनाऱ्यानं आपली घान का म्हनून उचलायची?"

"मागून कोण येतंय इथे?"

"कुनी का येईना," ती म्हणाली.

मी फळ्यावर लिहिलेल्या कुठल्याच वाक्यात हा कुणी नव्हता. मी शिकवलेला कुणी पाटी तरी फोडायचा नाहीतर दार तरी ठोठावायचा. ज्याचं तोंडही कधी बघायचं नाही, त्याच्यासाठी अंगण सारवून जाणारी माणसं मी वहीतून पुसली होती.

त्याच दुपारी आम्ही दोघं साहेबाच्या तंबूवर गेलो. वाटेत मी चार वाक्यं पाठ केली होती, पण तिथे गेल्यावर एकही धड आलं नाही. काळ, वचन, सगळं कोसळलं. 'मी सांगितलं, मी चुकलो, ही बाई तिथे राहते', एवढं कसंबसं सांगितलं. साहेब म्हणाला, जागा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, वस्तीची एक खूण नव्हती. जागेच्या लोभाने कालपरवा येऊन कुणीही चूल मांडली असेल. मी ते मावशींना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "त्येला म्हनावं, चल," एवढंच म्हणाल्या.

माळावर आल्यावर मावशींनी वाघराच्या कडेला काठीचं टोक जमिनीत घातलं आणि उकरायला सुरुवात केली. वरची लाल माती निघाली आणि खाली काळं लागलं. आणखी उकरलं, तरी काळंच. हातभर खोल मेंढरांच्या लेंड्यांचं कुजलेलं खत, थरावर थर, किती वर्षांचं कोण जाणे. वरून झाडता येतं तेवढंच त्यांनी झाडलं होतं. साहेब गुडघ्यावर बसला, ती माती त्याने बोटांत चुरली, हुंगली आणि वही मागितली. माझं वाक्य त्याने एका रेघेने खोडलं. वर लिहिलं, धनगर, तीन कुटुंबं, पूर्वीपासून.

उतरताना तो मला म्हणाला, तुझं ते वाक्य व्याकरणाने बरोबर होतं, मास्तर. टोमणा होता की समजूत, हे मला अजून कळलेलं नाही.

यादी दुरुस्त झाली. ज्येष्ठ लागला तशी मेंढरं निघाली, आणि मी निरोप द्यायला वर गेलो. बाकीची माणसं उताराला लागली होती, मावशीच तेवढ्या मागे राहिल्या होत्या. माळावर राखेचा ढीग तसाच होता. फुटकं मडकं, जळकी लाकडं, चुलीचे दगड उभे, काळी तोंडं वर करून.

"मावशी, चूल राहिली," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या. ह्या खेपंला ठिवलीया." त्यांनी पदराला हात पुसले. "कुनी आलं तर दिसाया पायजे, मानसं व्हती म्हनून."

चार पावलं जाऊन त्या थांबल्या. वळून राखेकडे बघत राहिल्या. दुसऱ्याच्या घरात काहीतरी सांडून निघालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"लई वंगाळ दिसतंय, मास्तर," त्या म्हणाल्या, आणि उताराला लागल्या.

त्या दिसेनाशा झाल्यावर ती जागा झाडून टाकावी म्हणून मी वाकलो. तसाच थोडा वेळ वाकून राहिलो, आणि एकाही दगडाला हात न लावता खाली आलो.