पोर्ट हिल्स चढणारा मेजर

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि कुणी सांगितलं नाही? मी! एक किलो वांगी आणल्याचं आख्यान जी अर्धा तास लावते, तिच्या पोटात एक गोष्ट इतकी वर्षं टिकली — मलाच धक्का बसतो. हसू आलं तर आत्ताच हसून घ्या.

मी थापाडी आहे. म्हणजे खोटं बोलत नाही हो — वाढवून सांगते. ख्राइस्टचर्चमध्ये रिकार्टनला आमच्या कोपऱ्यावर डेअरी आहे. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरीच म्हणतात. तिथून दूध घेऊन घरी येईपर्यंत माझ्या गोष्टीत दोन दरोडेखोर आणि पोलिसांचा एक कुत्रा शिरलेला असतो. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च नव्याने बांधायला घेतलं, तेव्हा दोन हजार बारा साली मी स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून इथे आले. माझ्यामागून माझा नवरा सतीश आला. आर्मीतला मेजर, अपंगत्वामुळे निवृत्त झालेला. डावा पाय गुडघ्याखाली नाही.

कसा गेला पाय? खरं सांगायचं तर शिध्याचा ट्रक घाटात उलटला. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत, हातात मोदकाचं ताट आणि समोर चाळीस माणसं असताना, शिध्याचा ट्रक कसा सांगणार? मी सुरुंग सांगितला. पुढच्या वर्षी सुरुंगावर बर्फ पडलं. तिसऱ्या वर्षी त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक जखमी जवान होता. सतीश कोपऱ्यात नारळ खवत बसलेला असायचा. एकदाच म्हणाला, "अगं, बटाटे होते गाडीत." सगळे पोट धरून हसले. काय विनम्र माणूस!

मग पोर्ट हिल्स. शहराला टेकून असलेले डोंगर. आम्ही वरपर्यंत गाडीने गेलो, पार्किंगपासून बाकापर्यंत चाललो, फोटो काढला. मागे समुद्र, पुढे काठीवर रेललेला सतीश. फोटो मंडळात फिरला तो माझ्या कॉमेंटरीसकट — "मेजर पायथ्यापासून चढले! आम्ही दोन-दोन पायांचे मागे हाशहुश करत!"

आणि खरं काय होतं? संध्याकाळी तो नकली पाय काढायचा, तेव्हा खुंटाची कातडी सोललेली असायची. मग चाकांच्या ऑफिस-खुर्चीवर बसून घरभर फिरायचा. त्याच खुर्चीत बसून पोळ्या लाटायचा. हे मंडळात कुणी पाहिलेलं नव्हतं. तो पाहू द्यायचा नाही. आणि मी? मला तो गोष्टीतलाच बरा वाटायचा.

आमचं फाटलं. का, ते सांगत बसत नाही. दोघांनी मिळून फाडलं. वेगळे राहायला लागलो, आणि पुढे त्याच्या वकिलाकडून कळलं की सतीशला पोटगी हवी आहे. माझ्याकडून!

मी सर्दच झाले. पोटगी बाई मागते, एवढंच मला माहीत. पुण्याहून मावशी फोनवर ओरडली, "बाईनं पुरुषाला पोटगी? तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो म्हणे, तसंच का गं हे?" इथला कायदा मात्र बाई-पुरुष बघत नाही. ज्याचं भागत नाही त्याला, ज्याचं भागतंय त्याने काही काळ द्यायचं. सतीशची पेन्शन रुपयांत यायची आणि भाडं डॉलरमध्ये जायचं. बसून करायची नोकरी त्याला मिळत नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी मंडळात जाऊन तो किस्सा रंगवला, अगदी मावशीच्या आवाजासकट. आणि मंडळ पेटलं.

सगळ्यात जास्त मेधाताई पेटल्या. मेधाताई म्हणजे निवृत्त शिक्षिका. कुणी आजारी पडलं की सांगायच्या आत डबा घेऊन दारात. खोटं बोलायची वेळ आली तर जीभ चावतील. त्यांनी शपथेवर लिहून दिलं, की मेजरसाहेबांना पोर्ट हिल्स चढताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. त्या तिथे नव्हत्याच! त्यांनी फोटो पाहिला होता, आणि बाकीचं मी ऐकवलं होतं — इतक्या वेळा, की आता त्यांना तो दिवस आठवत होता. "गवत किती निसरडं होतं गं," म्हणाल्या मला. कुठलं गवत? कुणाचं गवत? काय बोलायचं यावर?

बोलता आलं असतं. एकच वाक्य पुरलं असतं.

कोर्टात, पाय नाही याबद्दल वाद नव्हता. पाय नसूनही हा माणूस किती करू शकतो, एवढाच प्रश्न होता. त्यावर त्याचं पुढचं सगळं अवलंबून होतं. माझ्या वकिलाने सतीशला विचारलं, या बाई खोटं बोलतायत का? मेधाताई मागेच बसल्या होत्या. सतीशने त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगणार — बटाटे, पार्किंग, खुर्ची, सगळं.

"त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नाहीत," एवढंच तो म्हणाला.

मधल्या सुट्टीत, बाहेर, वकिलाने मला बाजूला घेतलं. "या जबानीत काही चुकीचं आहे, असं तुम्हाला माहीत नाही ना?" समोरच्या बाकावर सतीश नकली पायाचा पट्टा सैल करत होता. खुंटावरच्या मोज्यावर ओला लाल डाग होता. मी तो डाग पाहिला. ओझरता नाही — चांगला निरखून पाहिला. आणि म्हणाले, "नाही. सगळं बरोबर आहे."

आवाज कापला नाही. तिखटमीठ लावलं नाही. इतकं थोडक्यात मी जन्मात बोलले नव्हते. आणि ते सतीशला ऐकू गेलं असावं, कारण पट्ट्यावरचा त्याचा हात थांबला.

दावा फेटाळला गेला. पैसे मला जड नव्हते, हेही लिहून ठेवते. मंडळासमोर थापाडी ठरायचं नव्हतं, एवढंच.

सतीश ऑकलंडजवळ पापाकुराला चुलतभावाकडे राहायला गेला. तिथल्या एका दुकानात काउंटर सांभाळतो. परवा मेधाताई ऑकलंडहून आल्या, मुद्दाम त्याला भेटून. माझ्याच स्वयंपाकघरात बसून कौतुकाने सांगत होत्या, "दिवसभर उभा असतो गं! स्टूल देतात, तर नको म्हणतो. आमचा मेजर अजून तसाच दणकट!"

मी म्हणाले, "हो ना, तो तसाच आहे." आणि त्यांच्यासाठी चहा गाळला.