जगदीश्वराच्या पायरीपुढे

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. — नाही, पहिलंच वाक्य थोडं खोटं झालं. रायगड पाहिल्याची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. मुलांना, सुनांना, शेजारणींना, एकदा तर दातांच्या डॉक्टरला, त्यानं तोंड उघडायला सांगायच्या आत घाईघाईनं. पण दर वेळी ती मी जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीपाशी आणून थांबवते. ‘मग दर्शन घेतलं आणि खाली आलो,’ असं म्हणते आणि चहा टाकायला उठते. आज उठणार नाही. तुम्हीही जरा बसा.

मी पोलादपूरची. वडील शाळामास्तर. दादा शाळेच्या मुलांबरोबर रायगड बघून आला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मुलींना नेलं नव्हतं — मुलींना कशाला हवाय गड? पुढे दोन वर्षं दादानं मला नुसतं छळलं. जेवायला बसला की भाताचा ढीग करायचा, वर खळगा पाडून त्यात आमटी ओतायचा आणि म्हणायचा, हा रायगड, हा गंगासागर, तू आपली खालूनच बघ. मी त्याला पाटाखालून चिमटे काढायची आणि मनात म्हणायची, थांब, दाखवतेच तुला.

सोळा सरून सतरावं लागलं तेव्हा मला महाडला दिली. सासऱ्यांचा तांदळाचा व्यापार. घरात सासू-सासरे, थोरले भावजी, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ अक्का, माझे यजमान आणि मी. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी सासरी आले त्याच आठवड्यात माझ्या हातून आमटी करपली, तर हिनं सासूबाईंना सांगितलं, माझंच लक्ष नव्हतं. अशी होती ती. लग्नाला आठ वर्षं झाली होती तिच्या, आणि मूल नव्हतं. सासूबाईंनी त्यासाठी जगदीश्वराला नवस बोलला होता. अक्कानं सोळा सोमवार करायचे आणि मग रायगडावर जाऊन दोघांनी अभिषेक करायचा. सोमवार पुरे झाले आणि माघातला दिवस ठरला. एकोणीसशे एकतीस असेल, किंवा बत्तीस.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वेळी पाळी आलेली बाई ‘बाहेरची’. कावळा शिवला म्हणायचं आणि चार दिवस मागच्या खोलीत जाऊन बसायचं. देव नाही, चूल नाही, कुणाला शिवायचं नाही, ताटसुद्धा लांबून सरकवायचे. त्यामुळे घरातल्या प्रत्येक बाईची तारीख सासूबाईंना तोंडपाठ. अक्काची गुरुवारी होती, म्हणून आदल्या सोमवारचा अभिषेक धरला. माझी तर त्याच्याही पुढच्या बुधवारी. म्हणजे मी अगदी निर्धोक. म्हणून तर मला बरोबर घेतलं — सासूबाईंची सेवा करायला, पाणी भरायला. मला काय, ओझी वाहायलासुद्धा नेलं असतं तरी मी नाचत गेले असते.

रविवारी बैलगाडीनं पायथ्याच्या पाचाडला पोचलो. ओळखीच्या घरी उतरलो. गाडीतून उतरताना मान वर केली तर — काय सांगू तुम्हाला — अर्धं आभाळ त्या कड्यानंच अडवलेलं. दादाच्या भाताच्या ढिगाची मला कीव आली. सोमवारी उजाडता उजाडता उठले, परसात गेले. आणि कळलं.

नऊ दिवस आधी!

सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार काही नाही. त्या परक्या घराच्या पडवीत मला बसवून सगळे वर गेले असते. गड डोक्यावर आणि मी पडवीत, सुपातले तांदूळ निवडत. सात वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो चार पावलांवर आला असताना? मी कपड्यांच्या बोचक्यातून आईचं जुनं लुगडं काढलं, फाडलं, आणि केस विंचरून सगळ्यांच्या आधी दारात उभी राहिले. विचार असा केलाच नाही. पायच निघाले.

ती चढण! सासूबाई डोलीत डोळे मिटून बसलेल्या. अक्का उपाशीपोटी, अनवाणी, गुडघ्यावर हात ठेवत शांतपणे चढणारी. आणि मी — माझी पोटदुखी कुठल्या कुठे पळाली होती. वळण आलं की वाटायचं आता दरवाजा, आणि पुन्हा वळण. महादरवाजा असा लबाड की अगदी पुढ्यात येईपर्यंत दिसतच नाही, आणि मग दोन बुरुजांच्या मधून एकदम समोर! मी मोठ्यानं हसले. सून अशी हसते म्हणून सासऱ्यांनी मागे वळून पाहिलं. वाऱ्यानं पदर डोक्यावर राहीना, तर मी तो दातात धरला. दरवाजातून आत पाऊल टाकलं तेव्हा अंगावर काटा आला. याच दगडांवरून ते सगळे गेले असतील ना? महाराज गेले असतील ना? मी वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो हात किती तरी वेळ कुठे टेकवलाच नाही.

अभिषेकाचं पाणी गंगासागरातून आणायचं काम माझं. तिथे एका पडक्या भिंतीच्या आडोशाला मी कपडा सारखा करत होते, तर समोर हिरकणीवाडीची एक म्हातारी, डोक्यावर ताकाचं मडकं. गडावर येणाऱ्यांना ताक विकायला रोज एवढं चढून यायची. तिनं पाहिलं. मी घाईघाईनं लुगडं सारखं केलं. म्हातारीनं मडकं खाली ठेवलं, मला द्रोणभर ताक दिलं आणि म्हणाली, “भिऊ नको गो. मी नाय सांगायची कुणाला. गड काय बाटत नाय. बघून घे डोळं भरून, परत कोण आणतंय तुला?”

मी डोळे भरून बघितला. बाजारपेठेच्या त्या दोन लांबच लांब रांगा, पुरुषभर उंचीची जोती — मला राहवेना. कळशी खाली ठेवली, एका जोत्यावर चढले आणि मागून येणाऱ्या अक्काला दुकानदारणीच्या आवाजात विचारलं, काय देऊ बाई, बांगड्या की खण? भटजी आणि पुरुष पुढे गेले होते, डोली मागे होती, पेठेत आम्ही दोघीच. अक्का उपाशी, दमलेली. पण हसली. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “पाळणा दे.”

मी दोन्ही हातांनी पाळणा उचलून दिल्यासारखं केलं. तिनं पदर पसरून घेतला. एवढा जपून घेतला की मला गंमत करायचं सुचेना. मी उडी मारून खाली उतरले, कळशी उचलली, आणि आम्ही देवळाकडे निघालो.

आली पायरी. रोज इथेच चहा टाकते मी.

एक क्षण थांबले मी तिथे. अगदी एकच. मग आत गेले. माझ्या हातच्या पाण्यानं अक्कानं आणि भावजींनी अभिषेक केला. काही झालं नाही. पिंड गार होती, घंटा वाजली, अक्काच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नंतर मी महाराजांच्या समाधीपुढे बसले आणि ढसाढसा रडले, का ते मला आजही सांगता यायचं नाही. देवळात गेल्याची लाज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. तुम्हाला वाटलं असेल हीच माझी कबुली. एवढीच असती तर ती मी दाताच्या डॉक्टरलाही सांगितली असती.

उतरताना डोली पुढे कलते म्हणून सासूबाई घाबरल्या. मी चालते म्हणाल्या. महादरवाजाच्या खाली मुरमावर त्यांचा पाय सटकला आणि त्या बसल्या त्या ओरडतच. मुरूम तो, कुणाचाही पाय सटकेल. मांडीचं हाड मोडलं होतं. डोलीतून, मग गाडीतून त्यांना घरी आणलं, हाडवैद्यानं पाय बांबूच्या पट्ट्यांत बांधला. त्या गडबडीत माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता? चौथ्या दिवशी वाटेची धूळ बसली म्हणून मी न्हाऊन मोकळी झाले.

तोच गुरुवार. अक्काची तारीख. अक्का बाजूला बसली नाही. शुक्रवारीही नाही. शनिवारी सासूबाईंनी सगळ्यांना माजघरात बोलावलं. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी हिशोब जुळवला होता. गुरुवारची सोमवारीच आली असणार, गडावर, आणि हिनं लपवली असणार. देवाला विटाळ केला म्हणून देवानं माझा पाय मोडला. अक्कानं त्यांच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. त्यांनी हात झटकला. मग मला विचारलं — धाकटे, तू तर दिवसभर तिच्याबरोबर होतीस, तुला काही दिसलं का?

बघा, मला विचारलं होतं. मला तोंड उघडायची संधी मिळाली नाही असं म्हणायची सोय नाही. मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.”

कुणाचं वाक्य होतं ते, आठवतं ना?

अक्काला प्रायश्चित्त सांगितलं. एकवीस दिवस उजाडताना विहिरीवर थंड पाण्यानं न्हायचं, ओलेत्यानं तुळशीला प्रदक्षिणा घालायच्या, एकच वेळ जेवायचं. देवघरात पाऊल टाकायचं नाही. देवांची उपकरणी, सोवळं-ओवळं सगळं माझ्याकडे आलं. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. सतरा वर्षांची मी देवघराची मालकीण झाले होते.

पुढचा बुधवार उजाडला. सासूबाईंच्या हिशोबानं माझी तारीख. ती चुकली असती तर त्यांनी पुन्हा बोटं मोजली असती. म्हणून मी — काही नसताना — कावळा शिवला म्हणून जाहीर केलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. चार दिवस खोटीखोटी बाहेरची. झोपा काढल्या, सागरगोटे खेळले. सासूबाई अंथरुणावर, मी खोलीत, म्हणजे घरातलं सगळं अक्काच्या अंगावर. पाण्याच्या कळश्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी ती माझं ताट घेऊन आली. उंबऱ्याबाहेरून सरकवलं आणि तिथेच उकिडवी बसली. ओठ थंडीनं काळेनिळे झाले होते. म्हणाली, “तुलाच सांगते. मला अजून आलेली नाही गं. मला वाटतंय, जगदीश्वरानं आधीच ऐकलं होतं.”

मी म्हटलं, मग सासूबाईंना सांगा ना. ती म्हणाली, आता सांगितलं तर त्यांना वाटेल बहाणा करतेय. अजून थोडे दिवस जाऊ देत. नक्की झालं की सांगेन.

एका वाक्यानं ते थंड पाणी थांबलं असतं, उपास थांबले असते, कळश्या थांबल्या असत्या. मी ताट ओढून घेतलं आणि जेवले.

तारीख उलटून बावीस दिवस झाले आणि अक्का बाहेरची झाली. पोटात एवढं दुखत होतं की तिनं उशीचं टोक तोंडात कोंबलं होतं. ते नुसतंच लांबलं होतं, की काही होतं? मला माहीत नाही. कुणा जाणत्याला विचारायची हिंमत मी आजवर केली नाही. अक्का एवढंच म्हणाली, नव्हतंच काही बहुतेक. नंतर तिला कधीच दिवस गेले नाहीत. मला चार मुलं झाली. चौघांचे पाळणे तिनंच हलवले.

तिला संशय आला होता का? आला असता तर मला सोपं गेलं असतं. उलट, वर्षानुवर्षं ऐकून ऐकून ती स्वतःच म्हणायला लागली, काहीतरी माझ्याच हातून घडलं असेल गं. मी मुलांना गडाची गोष्ट सांगायची — वारा, दरवाजा, ताकवाली म्हातारी, हातवारे करून, नाचून — आणि ती कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकायची. म्हणायची, किती छान सांगते ही, मला पुन्हा वर गेल्यासारखं वाटतं. तिला पुन्हा वर कुणी नेलंच नाही. मी मात्र आणखी दोनदा जाऊन आले.

आता सासूबाई नाहीत, अक्का नाही. आणि सगळ्यात वाईट ते सांगते. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला असं कुणी विचारलं, तर माझ्या तोंडून आजही तोच सोमवार निघतो. आत्ता लिहितानाही महादरवाजा आला तेव्हा हात भरभर चालत होता. तुमच्याही लक्षात आलं असेल.

त्या शनिवारी माजघरात बोलायचं होतं ते एवढंच होतं: सासूबाई, बाहेरची मी होते. अक्का नव्हती.