दाराखालची फट

आमच्या परसातली खोली एका कारागिरानं बांधली. मूळचा तो डेअरीच्या थंड खोल्या बांधणारा. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या जाड भिंती. ऊन आत येणार नाही, गारठाही नाही. प्रत्येक सांध्यावरून तळहात फिरवायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. नाव मी विचारलं नाही. तोही मला "पावणं"च म्हणायचा.

काम संपल्यावर तो आत शिरला. "दार लावा आन् भाईर हुबं ऱ्हावा. मी आतनं बोंब मारतो. ऐकू आली तर फट ऱ्हायली समजायचं."

दाराच्या काचेतून त्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरा दिसल्या. आवाज मात्र जराही आला नाही. बाहेर आला तो खुशीत.

तेवढ्यात मी आणि बायकोनं माझ्या वडिलांची, अण्णांची, कॉट आणून आत ठेवली. तो बघतच राहिला.

"म्हातारं ऱ्हाणार व्हय हितं? मग आदी सांगायचं की! मी दुधाला बांधतोय तशी बांधली."

त्यानं दाराखालची रबरी पट्टी ओढून काढली आणि माझ्या हातात कोंबली.

"एवढी फट ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि मागं वळून न बघता गेला.

आठवड्याभरात मी ती पट्टी परत चिकटवली. मुंग्या येतात, असं घरात सांगितलं.

मुंग्या कुठल्या? अण्णांच्या हाका येत होत्या.