शेवटचा भाग धाकटीचा

आमच्या सासूबाई बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला आहेत. वय निवृत्तीचं झालंय, पण मालक सोडत नाही आणि यांना सोडवत नाही. दिवसभर छापील कागद दुमडायचे, फर्मे क्रमाने लावायचे, सुईदोऱ्याने शिवायचे. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घड्या घालून झालेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. संध्याकाळी घरी येतात तेव्हा बोटांना खळ वाळलेली असते आणि मान एका बाजूला कललेली. दारातच चपला काढून त्या एकदा भिंतीला टेकतात. मी चहा ठेवते. तो होईपर्यंत आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, कारण मीही सकाळपासून औषधांच्या दुकानात उभी असते आणि दोघींचंही बोलणं त्या वेळी चावरं असतं.

त्यात त्यांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे मोठ्या मावशींना, आम्ही घरी आणलं. मावशींनी लग्न केलं नव्हतं, जन्मभर शाळेत शिकवलं आणि नाकावर माशी बसू दिली नाही. आता हृदय थकलं होतं. पायांवर सूज, दोन उशा लावल्याशिवाय झोप नाही, खोलीतून न्हाणीघरापर्यंत गेलं की धाप. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरीच ठेवा, बरं वाटेल असं बघा. मी गोळ्या ओळखते, त्यामुळे त्यांना फार बोलावं लागलं नाही.

सगळं मलाच करावं लागे असं म्हणणार नाही, पण पुष्कळसं मीच करत होते. अंथरूण, औषधं, सूप. सूप पुढे केलं की मावशी म्हणायच्या, मीठ कमी आहे. मीठ डॉक्टरांनीच कमी केलंय म्हटलं, तर म्हणायच्या, डॉक्टरांना चव नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी रोज तीन वेळा बघत होते. माझा नवरा ऑफिसला जाताना दारातून हात हलवायचा आणि सुटायचा.

या बहिणी तिघी. मोठी, मधली म्हणजे आमच्या सासूबाई, आणि धाकटी. धाकट्या मावशींना मी फक्त फोटोत पाहिलं होतं. त्या लांब दुसऱ्या गावी राहायच्या आणि सासूबाईंना अधूनमधून फोन करायच्या. फोनवर त्या मोठीबद्दल कधी विचारत नसत, आणि फोन चालू असताना मोठ्या मावशी खिडकीबाहेर बघत असत. कान मात्र इकडे.

भांडण जुनं होतं. त्यांचे वडील गेले तेव्हाचं. वडीलही बाइंडरच. ते आठवडाभर अंथरुणाला खिळून होते आणि धाकटी त्याच वेळी तिकडे बाळंत झाली होती. मोठ्या मावशींनी ठरवलं, तिला आत्ता कळवायचं नाही, ओली बाळंतीण आहे, धसका घेईल. मोठीने ठरवलं की ठरलं. सगळं आटोपल्यावर कळवलं. धाकटी तान्ह्या मुलाला घेऊन आली तेव्हा वडिलांची खाट उभी करून भिंतीला लावलेली होती. ती तासभर त्या खाटेकडे बघत बसली, मग उठून गेली, आणि पुन्हा मोठीच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलं नाही. मोठ्या मावशींचं म्हणणं, मी भल्यासाठीच केलं. ते खरंही होतं, म्हणूनच तर भांडण मिटत नव्हतं.

आमच्याकडे आल्या त्याच दिवशी मावशींनी सासूबाईंकडून शब्द घेतला. धाकटीला कळवायचं नाही.

"दया येऊन आलेली बहीण मला नको," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी शब्द दिला. मला संताप आला. मी म्हटलं, आई, तुम्ही शब्द दिलाय, मी नाही दिलेला, मी करते फोन. त्या म्हणाल्या, तू केलास तरी तो मीच मोडल्यासारखा होईल. त्यानंतर धाकटीचा फोन आला की त्या "सगळं ठीक" म्हणायच्या आणि फोन ठेवून बराच वेळ तो हातातच धरून बसायच्या. मला वाटायचं, वडिलांच्या वेळी जे झालं तेच या घरात पुन्हा शिजतंय, आणि ढवळायला मलाच बसवलंय.

मग ती कादंबरी आली. एका वाचनालयाने काढून टाकलेली पुस्तकं कारखान्यात रद्दीसाठी आली होती, त्यातली ही शिवण उसवलेली. मालकाने सासूबाईंना नेऊ दिली. मोठ्या मावशींचे हात थरथरायचे, पुस्तक धरवत नसे, म्हणून सासूबाई चहा झाला की त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचायच्या. मी दारात भाजी निवडत ऐकायची.

कादंबरी बहिणींचीच होती. चार बहिणी, एक घर. खून नाही, लफडं नाही. एक प्रकरणभर त्या नळाच्या गळतीवरून भांडतात आणि पुढच्या प्रकरणात नळ आपोआप थांबतो. एक बहीण पंधरा पानं पडदे धूत होती. मी म्हटलं, हे तर आपल्या घरी फुकट बघायला मिळतं. मोठ्या मावशी म्हणाल्या, तुला कळणार नाही, तुला बहीण नाही. ते खरं होतं, मला बहीण नाही, आणि ते असं तोंडावर ऐकल्यावर मी भाजी घेऊन आत गेले.

पण कान दारातच राहिले. सासूबाई दमून वाचता वाचता पेंगायच्या, वाक्य मध्येच लोंबकळायचं. मोठ्या मावशी त्यांच्या गुडघ्याला बोट टोचून म्हणायच्या, "पुढे." दोघीही थकलेल्या, एकीला बसवत नाही, दुसरीला झोपवत नाही, आणि मध्ये त्या पडदे धुणाऱ्या बाईची गोष्ट.

वाचनाच्या नादात एकदा लहानपणीचा विषय निघाला. त्यांचे वडील वाचनालयाची फाटकी पुस्तकं दुरुस्तीला घरी आणायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी जुनी शिवण कापून फर्मे सुटे करायचे आणि संध्याकाळी नवी शिवण घालायचे. मधल्या वेळात पुस्तक मुलींचं. तीन गठ्ठे व्हायचे. सुरुवात मोठीला, मधलं मधलीला, शेवट धाकटीला. कुणीच अख्खं पुस्तक वाचत नसे. जेवताना आपापला भाग सांगायचा, मोठीने आधी, मग मधलीने, मग धाकटीने. पण धाकटीला दम कुठला. मोठीने गोष्ट सुरू केली रे केली की ती म्हणायची, "तो मरतो." मोठी पट्टी उगारायची. "शेवट सांगितलास तर बघ." धाकटीची तक्रार अशी की माझ्या वाट्याला सगळी मेलेली नाहीतर लग्न झालेलीच माणसं येतात. हे सांगताना मोठ्या मावशी हसल्या, मग त्यांना धाप लागली आणि मी उशी वर केली.

त्यानंतर एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई ओट्याशी उभ्या. ब्लेडने त्यांनी कादंबरीची उरलीसुरली शिवण कापली आणि ओट्यावर तीन गठ्ठे केले. तिसरा गठ्ठा तपकिरी कागदात गुंडाळला, वर दोरा बांधला आणि धाकटीचा पत्ता लिहिला.

"दुकानात जाताना कुरिअरला टाक."

मी म्हटलं, आत चार ओळींची चिठ्ठी तरी घाला.

"शब्द दिलाय. कळवणार नाही म्हणाले होते. पुस्तक वाटून घेणार नाही असं कुठे म्हणाले होते?"

मला त्यांचा अभिमान वाटला आणि भीतीही. कागदाचा गठ्ठा बघून त्या बाईला काय कळणार? जुनी रद्दी म्हणून ठेवून देईल, किंवा उलट टपालाने परत पाठवेल. तरी मी टाकला.

मोठ्या मावशींच्या लक्षात यायला संध्याकाळ पुरली. बाइंडरचीच मुलगी, कापलेली शिवण लांबूनही ओळखते. त्यांनी विचारलं, "बाकीचं कुठाय?"

"जिचं तिच्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

"तू शब्द मोडलास."

"मी तिच्याशी एक शब्दही बोललेली नाही, ताई."

मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी वाचन झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर त्या आपणच म्हणाल्या, वाच. पण मग एक निराळंच सुरू झालं. सासूबाई पाच-सहा पानं वाचत आणि दुसऱ्या दिवशी पुढचं वाचायला लागल्या की मावशी म्हणत, कालचंच पुन्हा वाच, नीट ऐकलं नाही. कालचं झालं की परवाचं. मधला भाग संपतच नव्हता. मला आधी वाटलं, औषधाने विसरायला होतंय. मग एकदा जिन्यात पावलं वाजली आणि त्यांची मान दाराकडे वळली. पावलं वरच्या मजल्यावर गेली. मावशी म्हणाल्या, "हं, परवाचं वाच." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या मधला भाग संपू देत नव्हत्या, कारण तो संपल्यावर पुढचा भाग घेऊन कुणी आलेलं नसेल तर काय, हे त्यांना बघायचं नव्हतं.

सूज वाढत होती. सूपही आता दोनच चमचे जात होतं, आणि मीठ कमी आहे म्हणायचंही त्यांनी सोडलं होतं. ते ऐकू येईना तेव्हा मला सगळ्यात वाईट वाटलं.

एका दुपारी दुकानातून येऊन मी जेमतेम टेकले होते, तर बेल वाजली. दारात मोठ्या मावशींचंच नाक असलेली एक बाई उभी होती, हातात बॅग, काखेत तपकिरी पुडकं.

"कोण आजारी आहे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मोठ्या मावशी. ती भिंतीला टेकली, अगदी सासूबाई टेकतात तशी. म्हणाली, मधली फोनवर सगळं ठीक म्हणत होती, पुडकं चाचपलं, आत सुटे फर्मे लागले, तेव्हाच कळलं की ठीक नाही, फक्त कोण ते कळेना. येताना गाडीत सगळ्या वाटेवर दोघींची नावं घेत होते. तिला घोटभर पाणी दिलं आणि सासूबाईंना कारखान्यात फोन केला. त्या येईपर्यंत धाकट्या मावशी बाहेरच्या खोलीत बसून राहिल्या. एकटीने आत जायचा धीर झाला नाही.

सासूबाई आल्या, हातही न धुता, आणि तिचा हात धरून आत घेऊन गेल्या. मोठ्या मावशी जाग्या होत्या. त्यांनी धाकटीकडे बघितलं, मग पुडक्याकडे.

"सांग," त्या म्हणाल्या. "शेवटी काय होतं?"

सासूबाईंनी चटकन माझ्याकडे पाहिलं. शेवट सांगितला म्हणून पट्टी उगारणारी बाई आज आपण होऊन शेवट विचारत होती. आपल्याजवळ किती वेळ उरलाय हे मावशींना आमच्याइतकंच ठाऊक होतं.

धाकट्या मावशींनी पुडकं पुढे केलं. दोरा तसाच, गाठ तशीच.

"वाचलं नाही मी. बाबांच्या वेळी तू मला नुसता शेवट दिलास, ताई. या वेळी मला सुरुवातीपासून पाहिजे."

"ओली बाळंतीण होतीस तू."

"होते. त्यांची मुलगीही होते."

मोठ्या मावशींनी डोळे मिटले. मला वाटलं, आता पुन्हा भिंतीकडे तोंड करणार. पण त्या म्हणाल्या, "चुकलं माझं." आणि मग सासूबाईंना म्हणाल्या, "तिला माझा भाग दे."

त्या संध्याकाळपासून धाकट्या मावशी पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. सासूबाईंना कित्येक आठवड्यांनी नुसतं पडून ऐकायला मिळालं, त्या तिथेच सतरंजीवर झोपून जायच्या. आणि मोठ्या मावशी? त्यांचं वाचून झालेलं. त्यांना राहवेना. आता नळ गळणार बघ, त्या सांगायच्या. आता ती पडदे काढेल, आणि पंधरा पानं खाईल.

"सांगू नकोस ना, ताई," धाकट्या मावशी म्हणायच्या, आणि मोठ्या मावशी धापेतून हसायच्या. मी सूप घेऊन उभी राहायची. मीठ कमी आहे, असं एकदा ऐकलं, आणि मला चक्क बरं वाटलं.

मोठ्या मावशी गेल्या तेव्हा दोघी बहिणी दोन बाजूंना होत्या आणि वाचन मधल्या भागात पोचलेलं होतं. पुडक्याचा दोरा कुणी सोडला नव्हता. दिवस झाल्यावर आपल्या गावी परत जाताना धाकट्या मावशींनी ते बॅगेत घातलं. म्हणाल्या, पुढच्या वेळी येताना आणते.

सासूबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या. संध्याकाळी आल्या, भिंतीला टेकल्या. मी चहा ठेवला. त्यांनी पहिला गठ्ठा आणून ओट्यावर माझ्यासमोर ठेवला.

"ताईचा भाग. आता तुझा."

मी म्हटलं, मी तर दारातून सगळं ऐकलंय, दोन-दोनदा.

"ऐकलंस ते तिचं होतं," त्या म्हणाल्या. "जेवताना सांगायचं असतं. वाच."

रात्रीचा स्वयंपाक राहिला होता, पाय दुखत होते. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तिथेच, ओट्याला टेकून, पहिलं पान वाचायला घेतलं.